दार वाजवणारी कविता

उसाला तुरे आले की हल्ली मला घरात बसवत नाही.

खरं तर साताऱ्यात आमच्या गल्लीतून ऊस कुठे दिसतो? पण सकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलं की हायवेकडून ट्रॅक्टरचा आवाज येतो, जोडट्रॉल्यांच्या साखळ्या खळखळतात. ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं आधी येतं आणि ऊस मागून. वळणावर एखादं कांडं पडलेलं असतं, चाकाखाली चेपलेलं, मुंग्या लागलेलं. किल्ल्यावरचं धुकं उशिरा हलतं. कपाटातून स्वेटर काढावा तर त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि त्या वासाच्या मागून, का कोण जाणे, पलूसकडच्या हवेतला मळीचा आंबूस-गोड वास येतो, आटपाडीकडचा कोरडा, नाकात टोचणारा गारठा येतो. हे दोन्ही मी एकाच हिवाळ्यात छातीत भरून घेतले होते. आता दर वर्षी हे दिवस आले की मी कापडी पिशवी काढते आणि तिच्यात पोळपाट आणि लाटणं भरते.

पोळपाटाचं सांगायला हवं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. नोकरी लागली तेव्हापासून निवृत्तीपर्यंत एकच शाळा, एकच विषय. कविता वाचून झाली की मुली वहीवर आडवी रेघ मारायच्या आणि खाली लिहायच्या ‘शब्दार्थ’, मग ‘भावार्थ’, मग ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, कवीला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलंच आहे ना? मग आपण परत कशाला म्हणायचं?” वर्ग हसला, मीही हसले. तेवढ्यात घंटा झाली. प्रश्न तसाच राहिला, आणि निवृत्त झाल्यावर त्याचा विचार करायला मला वेळच वेळ मिळाला.

अशात सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा माझी जुनी विद्यार्थिनी, पलूसजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, “बाई, कविता म्हटली की माझी पोरं जांभया देतात. तुम्ही एकदा या आणि काहीतरी करा.” काहीतरी म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी बसून एक कविता केली. कविता म्हणजे अर्धीच. उरलेली अर्धी मुलांनी करायची, आणि तिथल्या तिथे करायची. मी पोळपाट उभा धरायचा, तो दार. लाटण्यानं तो वाजवायचा आणि विचारायचं,

टकटक टकटक, कोण आहे घरात?

मुलांनी ओरडून सांगायचं, आई! मग मी म्हणायचं, “आई आहे घरात...” आणि थांबायचं. पुढची ओळ मुलांची. काहीही चालेल, फक्त शेवटी ‘हातात’ आलं पाहिजे. जो सांगेल त्याला पुढे बोलवायचं, त्यानं दार उघडल्यासारखं करायचं, सगळ्यांनी ओळ पुन्हा म्हणायची, की पुढचं दार.

ही कविता पहिल्यांदा ऐकली ताईनं. ताई माझी थोरली बहीण. लग्न दोघींचंही राहून गेलं, आईवडील गेल्यावर आम्ही दोघीच. ती पीठ चाळत होती. मी तिच्याच पोळपाटावर तिचंच लाटणं आपटून विचारलं, “कोण आहे घरात?” तिनं मान वर केली नाही. “मी आहे. दुसरं कोण असणार? आणि लाटणं जागेवर ठेव.” मी कविता पुरी करून दाखवली. ती म्हणाली, “हं. बरं आहे.” ताईच्या तोंडून ‘बरं आहे’ म्हणजे शाल आणि श्रीफळ होतं.

त्या भाद्रपदात ताई गेली. चार-पाच दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. मी सुवर्णाला कळवलं की आता काही जमायचं नाही. तिनं आग्रह केला नाही. पण दिवाळी झाली, त्या चार दिवसांत दार कुणी वाजवलं नाही, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी मी तोंडातून एकही शब्द काढलेला नाही. दूधवाल्यालाही नुसती मान हलवली होती. मी घाबरले. सुवर्णाला फोन केला आणि म्हटलं, “येते मी.” आवाज घोगरा आला, वापर नसल्यासारखा.

सुवर्णाच्या शाळेत पोरांची ही गर्दी. व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, चपलांचा ढीग, लांब उसाच्या फडात कोयत्यांचा खच् खच् आवाज. मी पिशवीतून पोळपाट काढला तेव्हाच पहिलं हसू फुटलं. “आरं, बाई चपात्या लाटणार हायती!” मी पोळपाट उभा धरला, लाटण्यानं वाजवला.

“टकटक टकटक, कोण आहे घरात?”

“आई!” असा गलका झाला की व्हरांड्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“आई आहे घरात...”

“लाटणं तिच्या हातात!”

मग दार कुणाचं कुणाचं वाजत गेलं. “पप्पा हायती घरात, मोबाइल त्यांच्या हातात!” याला सगळ्यात मोठी दाद मिळाली, आणि मागं उभ्या असलेल्या दोन पालकांनी हळूच मोबाइल खिशात घातले. एका मुलाचा काका सैन्यातून सुट्टीवर आला होता. “काका आल्यात घरात, ट्रंक त्यांच्या हातात!” आणि तो मुलगा कडक सलाम ठोकून उभा राहिला. एकीनं सांगितलं, “मांजर शिरलं घरात, बोका बसला दारात.” हात कुठे गेला असं कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, “मांजराला हात नसत्यात.” खरंच होतं. चालवून घेतली.

फळ्यावरची कविता खाली उतरून पोरांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. कुणीही भावार्थ विचारला नाही. सुवर्णा डोळे पुसत हसत होती.

पण कार्यक्रम संपल्यानंतरच्या वेळेबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पोरं दप्तरं उचलून पळाली, प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या दाराकडे. व्हरांडा रिकामा झाला. मी एसटीत खिडकीशी बसले तेव्हा कानात अजून गलका होता. तो कराडपर्यंत टिकला. साताऱ्याला उतरले, जिना चढले, कुलूप काढलं आणि दिवा लावला. स्वयंपाकघरात सकाळचा कप तसाच होता. दिवसभर चाळीस घरांत कोण कोण आहे हे मला ओरडून सांगण्यात आलं होतं, आणि आता मला चहा घेणार का असं विचारणारंही कुणी नव्हतं. मी दोन कप पाणी ठेवलं. सवयीनं. मग एक ओतून दिलं.

तरी मी जात राहिले. सुवर्णानं तिच्या ओळखीच्या शिक्षकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. कडेगावकडच्या शाळा झाल्या, पलूसच्या आसपासची गावं झाली. सगळीकडे आई घरात होती, लाटणं हातात होतं, बापाच्या हातात मोबाइल होता. माझी कविता रस्ता पाठ झालेल्या गाडीसारखी चालायला लागली. कुठे हसू येणार, कुठे मी डोळे मोठे करायचे, सगळं ठरून गेलं.

मग आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवरून माळी गुरुजींचा फोन आला. “बाई, आमची शाळा लहान आहे. पोरंही कमीच. आलात तर बरं वाटंल.”

विट्याच्या पुढे एसटी निघाली की ऊस मागे पडायला लागतो. आधी तुकड्यातुकड्यानं दिसतो, मग एखादी हिरवी पट्टी, मग तीही नाही. माळ सुरू होतो. बाभळी, खुरटं गवत, डोंगरावर सावकाश फिरणाऱ्या पवनचक्क्या, मध्येच कापडानं झाकलेल्या डाळिंबाच्या बागा. खिडकीतून येणारा वारा धुळीचा आणि थंड. बसमध्ये शेवटी मी, कंडक्टर आणि कोंबडी घेऊन बसलेली एक बाई उरलो.

शाळा दोन खोल्यांची. भिंतीवर रंगवलेले पक्षी, स्वच्छ झाडलेलं अंगण आणि अंगणात एका सतरंजीवर मावतील एवढीच पोरं. मी गुरुजींकडे बघितलं. ते म्हणाले, “दिवाळी झाली की हितली माणसं मेंढरं घेऊन खाली जातात. तुमच्या कृष्णाकाठाला. रानात खतासाठी मेंढरं बसवतात, तिकडंच राहतात, मृगाच्या आसपास परत. तान्ही पोरं बरोबर जातात. शाळेतली म्हाताऱ्यांजवळ ठेवून जातात. काही टिकतात, काही चार दिवसांनी आईच्या मागं पळतात. ही टिकलेली.”

मी पोळपाट काढला. हसू आलं, पण थोडं. वाजवला.

“टकटक टकटक, कोण आहे घरात?”

दुसरीकडे या प्रश्नावर आवाज अंगावर येतो. इथं पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, जणू प्रश्न खरोखरचा आहे आणि त्याचं उत्तर नीट आठवून द्यायला हवं. पुढे बसलेली, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली, “घरात व्हय? आत्ता?”

“हो. आत्ता.”

“कुणी न्हाई. आजी शेळ्या घिऊन गेलीया.”

“आमच्यात बी कुणी न्हाई,” दुसरं कुणी म्हणालं.

“आमच्यात कुत्रं हाय. पर ते भायेर आसतं.”

इतक्या शाळा फिरून मी जे काही बसवलं होतं त्यात हे उत्तर नव्हतं. मांजराची ओळ काढावी, विषय बदलावा, असं मनात आलं. पण तोंडाला सवय लागलेली. मी म्हणून गेले, “कुणी नाही घरात...” आणि ठरल्याप्रमाणे थांबले.

वेण्यांवाली ताडकन उठली. “कुलूप आमच्या दारात!”

सगळी पोरं हसली. टाळ्या वाजल्या. ओळ जमली होती, बरोबर बसली होती, आणि तिला ते कळलं होतं. तिचा चेहरा फुलला. ठरलेल्या रीतीनं सगळ्यांनी ती पुन्हा म्हटली. कुणी न्हाई घरात, कुलूप आमच्या दारात. लहान पोरांच्या उंच आवाजात, मोकळ्या माळावर. गुरुजी फळ्याकडे तोंड करून खडू शोधायला लागले. मी पोळपाट धरून उभी होते आणि माझा हात दुखत होता.

“तुझं नाव काय गं?”

“मायाक्का. माया म्हंत्यात.” आणि मग ती म्हणाली, “बाई, आता तुमचं.”

“माझं काय?”

“तुमच्या घरात कोण हाय?”

हा प्रश्न मला कुठल्याही शाळेत कुणी विचारला नव्हता. विचारायचा मी, उत्तर द्यायचं मुलांनी, असा तो खेळ. पण तिनं माझ्या हातातून लाटणंच घेतलं, पोळपाटावर टकटक केलं आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, कोण हाय घरात?

खोटं सांगता आलं असतं. पोरांना काय कळणार होतं? पण त्यांनी सगळ्यांनी खरं सांगितलं होतं.

“कुणी नाही घरात,” मी म्हणाले.

“कोनच न्हाई?” मायानं खात्री करून घेतली. मग मान वाकडी करून विचारात पडली. “किल्ली बाईंच्या हातात,” ती म्हणाली.

पोरांनी तेही म्हटलं, तितक्याच आनंदानं. कुणी न्हाई घरात, किल्ली बाईंच्या हातात. ताई गेल्यानंतर किती जण भेटायला आले होते, किती जणांनी ‘आता तुमचं कसं’ म्हणून उसासे टाकले होते. त्यांच्यातल्या कुणीही माझी स्थिती इतकी सरळ सांगितली नव्हती. आणि आश्चर्य म्हणजे मला रडू आलं नाही. मी त्यांच्याबरोबर ती ओळ म्हटली. मोठ्यानं.

निघताना माया एसटीच्या थांब्यापर्यंत आली. “बाई, गुरुजी म्हंत्यात तुमी पलूसला जाता. आमची आय तकडंच हाय. बाप बी हाय. तिला बी ईचारा.”

“काय विचारू?”

“त्येच. कोण हाय घरात.”

“अगं, तुझ्या आईकडे फोन असेल ना?”

“हाय की. पर फोनवर ती नुसतं म्हंती, जेवलीस का, शाळंला गेलीस का. आन मग रेंज जाती.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुमी ईचारा.”

गुरुजींनी गाव सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात सुवर्णानं मला तिच्या स्कूटीवर मागे बसवलं आणि आम्ही ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानातून विचारत विचारत गेलो. वाडा सापडला. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम: जाळीचं कुंपण, एक घोडं, ताडपत्रीखाली बोचकी, तीन दगडांची चूल. मेंढरं चरायला गेली होती, मागे राहिलेली कोकरं बें बें करत होती. एक बाई खाली बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. ती मायाची आई, सुनीता. मी शाळेतून आले म्हटल्यावर तिच्या हातातली बाटली थांबली.

“काय झालं पोरीला?”

“काही नाही, काही नाही. छान आहे ती. तिनं निरोप दिलाय.”

तरी तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, पोळपाट काढून दाखवला. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “ह्येच्यासाठी एवढं लांब आलाय व्हय? आन हितं दारच न्हाई, तर वाजवताय काय?”

खरंच, दार नव्हतं. मी पोळपाट खाली ठेवला आणि नुसतं विचारलं. कोण आहे घरात? मायानं काय उत्तर दिलं तेही सांगितलं. कुलपाचं.

कोकरू बाटली ओढत होतं. सुनीता त्याच्याकडे बघतच म्हणाली, “मेंढरं माज्या दारात... पोर न्हाई हातात.” आणि लगेच, “आवं, ह्ये नगा सांगू तिला. रडत बसंल.”

“नाही सांगत.”

तिनं चूल पेटवली, चहा ठेवला, गूळ फोडला. सुवर्णा कोकरांचे फोटो काढत होती. चहा उकळला तशी सुनीता एकदम माझ्याकडे वळली, जरा चिडल्यासारखी. “पर कुणी न्हाई कशी म्हंती ती? ती हाय न्हवं घरात?” मग बोटावर मोजल्यासारखं करून तिनं ओळ जुळवली. “असं सांगा. माया हाय घरात, कोकरू माज्या हातात. सांगाल न्हवं? इसरू नगा.”

कशी विसरणार होते? परतीच्या सबंध रस्त्यात, स्कूटीवर, मग एसटीत, मी ती ओळ पुटपुटत होते. शेजारच्या माणसानं जागा बदलली.

आटपाडीला मी पुन्हा गेले, फक्त ती ओळ द्यायला. मायाला अंगणात बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या तिच्या आईसारख्या आवाजात म्हटलं, माया हाय घरात, कोकरू माज्या हातात. ती डोळे बारीक करून ऐकत होती.

“आय अशी न्हाई बोलत,” ती म्हणाली.

“बरं. कशी बोलते?”

“अशी न्हाई.” आणि मग, “परत म्हणा.”

मी परत म्हटलं. ती प्रत्येक वेळी मान हलवायची, असं नाही म्हणून, आणि प्रत्येक वेळी पुन्हा म्हणा म्हणायची. शेवटी तिनं स्वतःच म्हणून पाहिलं. दुसरी ओळ तिनं हळू म्हटली. पहिली मात्र मोठ्यानं, आपलं नाव वर्गात पुकारावं तशी.

मग त्या हिवाळ्यात मी ओळींची ने-आण केली. इतर शाळा होत्याच, पण आता माझी एसटी दोन टोकांमध्ये फिरायची. एका टोकाला माळ, दुसऱ्या टोकाला नदी. मायाचा दात पडला तेव्हा तिनं पाठवलं, “दात पडला घरात, ठेवलाय माज्या हातात.” सुनीता खूप हसली, कोणता दात म्हणून तिनं विचारलं, मला सांगता येईना. मग ती उठून मेंढरांकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. घोडीला शिंगरू झालं तेव्हा उलट दिशेनं ओळ आली, “शिंगरू आलं वाड्यात, लगाम न्हाई हातात.” वाडा हलायचा, कधी नदीच्या अलीकडे, कधी पलीकडे. मी विचारत जायचे. उसाचे फड रोज थोडे थोडे मोकळे होत होते, जिथे मागच्या खेपेला हिरवी भिंत होती तिथे आता क्षितिज दिसायचं. लोक मला ओळखायला लागले. “पोळपाटवाल्या बाई आल्या.”

आणि तरीही, हे लिहायला हवं, त्या ओळींमधली एकही माझ्यासाठी नव्हती. मी रस्ता होते. आईचा आवाज माझ्यातून जायचा, पोरीचा आवाज माझ्यातून जायचा, आणि दोघींनाही मी थोडी चुकीचीच ऐकू यायचे. घरी आल्यावर मी जेवणाचं ताट घेऊन बसायचे आणि त्या सगळ्या ओळी क्रमानं म्हणायचे. स्वयंपाकघर चांगलं ऐकतं. पण ‘बरं आहे’ म्हणत नाही.

वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न मला या फेऱ्यांमध्ये पुष्कळदा आठवला. म्हटलेलं परत कशाला म्हणायचं? आता ती भेटली तर मी तिला सांगेन की, कधी कधी ज्याच्यासाठी म्हटलं ते माणूस तिथे नसतं, म्हणून. कुणीतरी ते उचलून न्यावं लागतं आणि तिथे जाऊन परत म्हणावं लागतं. हे उत्तर परीक्षेत चालणार नाही. पण माझ्याकडे एवढंच आहे.

यंदाही दिवाळी झाल्यावर माळी गुरुजींचा फोन आला. मेंढरं खाली गेली. माया आता वरच्या वर्गात आहे, आजीजवळ राहिली आहे, आणि शाळेत नव्या आलेल्या पोरांना दाराचा खेळ तीच शिकवते म्हणे. “आता तुमची गरज नाही, तरी या,” म्हणाले. मी जाणार आहे. सुवर्णाही वाट पाहते आहे. पण पिशवी भरताना मला आठवतो तो त्या हिवाळ्यातला एकही दिवस नव्हे, त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या शेवटचा एक दिवस.

मृग लागला होता. वाडे परतले, शाळा उघडली, असं गुरुजींनी कळवलं. मी घाईनं निघाले. त्यामागे एक कारण होतं. सबंध हिवाळाभर दोघींनी पाठवलेल्या ओळी मी एकापुढे एक लावून त्यांची एक सलग कविता केली होती. आई आणि मुलगी एका ठिकाणी बसलेल्या असताना ती म्हणून दाखवायची, असं मनात होतं. वाटेत एसटीत मी ती पाठ करत होते. माया कशी बघेल, सुनीता पदर तोंडाला कसा लावेल, हे सगळं मी आधीच पाहून घेतलं होतं.

त्यांचं घर शाळेच्या मागेच होतं, पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. दार सताड उघडं. सुनीता चुलीपुढे भाकरी थापत होती. माया तिच्या पाठीला टेकून बसली होती, नुसती टेकलीच नव्हती, तर सगळं अंग तिच्यावर टाकून रेलली होती, आणि आई दर भाकरीला तिला कोपरानं ढकलत होती. “सर की गं लांब. लय उकडतंय.” ती सरत नव्हती. आजी बाजेवर बसून वाती वळत होती. मला बघून सुनीता उठायला लागली. “बाई आल्या! या, या. बसा. आता जेवल्याबिगर सोडणार न्हाई.” मायानं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा आईच्या पाठीवर गाल ठेवला. तेवढंच.

मला कुठेतरी लागलं. लागायला नको होतं. तिची आई घरात होती, आणखी काय हवं होतं कुणाला? तरी मी माझी तयारी सोडली नाही. घसा साफ केला आणि कवितेची पहिली ओळ सुरू केली.

“बाई, त्ये नगा,” माया म्हणाली. वाईट अशा सुरात नव्हे, सहज, नको असलेली भाजी ताटातून बाजूला सारावी तशी. “त्ये झालं आता. दुसरं म्हणा.”

“माया!” आई ओरडली.

“राहू दे,” मी म्हणाले. आणि मग खरं तेच सांगितलं. “दुसरं नाही गं माझ्याकडे.”

“का?”

“केलंच नाही.”

ती आईच्या पाठीवरून सरळ झाली. मांडी घालून माझ्यापुढे बसली. नवे दोन दात अर्धे आलेले दिसत होते.

“मग करा की,” ती म्हणाली. “आमी थांबतो.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण ती खरोखर थांबली. हनुवटीखाली दोन्ही मुठी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सुनीतानं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यांपुढे शेकायला उभी केली, पिठाचे हात तसेच ठेवून ती मागे टेकून बसली. आजीचे वाती वळणारे हात थांबले. बाहेर मेंढरांचा कसलातरी गलका चालला होता, मग तोही निवला. भाकरी एका बाजूनं करपायला लागल्याचा वास आला. कुणी ती उचलली नाही.

मला काही सुचत नव्हतं, आणि कुणीही उठत नव्हतं.